पहिलं व्हाईटवॉटर राफ्टिंग: तयारी कुठवर आलीये

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा राफ्टिंगची, म्हणजे हवा भरलेल्या राफ्टमधून खळाळत्या नदीत उतरायची, तयारी म्हणजे प्लँक, पुशअप्स आणि रात्री जागून व्हिडिओ बघणं एवढंच चाललं होतं, आता प्रत्यक्ष पोहण्याच्या टँकमधे उतरलोय म्हणून हे अपडेट. तारीख पक्की आहे, ग्रेड 3 चा पट्टा आहे, सहाजण आहोत आणि त्यातल्या दोघांना धड पोहता येत नाही, त्यामुळे जे काय करतोय ते त्या दोघांना झेपेल असंच करतोय. आणि जसजसं शिकतोय तसतसं माझं मत पक्कं होत चाललंय की दंड कमवण्यापेक्षा राफ्टमधून बाहेर पडल्यावर काय करायचं हे अंगात भिनवणं जास्त कामाचं आहे. राफ्टमधे असेपर्यंत गाईड आहेच की ओरडायला.

ग्रेड म्हणजे नदीचं पाणी किती अवघड आहे त्याचा आकडा, त्याबद्दल थोडं, कारण ग्रुपवर यावरून बरीच वादावादी झाली. 1 म्हणजे जवळपास शांत वाहतं पाणी, 3 म्हणजे वेड्यावाकड्या लाटा आणि राफ्ट वेळेवर वळवावी लागते, 5 मुरलेल्यांचं काम आणि 6 च्या वाटेला सहसा कोणी जातच नाही. पण हा आकडा काही दगडावर कोरलेला नसतो, पाणी वाढलं की काही रॅपिडमधले (नदीचे खळाळते, वेगवान टप्पे) खडक बुडून ते सोपे होतात आणि काही एकदम राक्षसी होतात. म्हणून बुकिंग करताना नुसतं कितवी ग्रेड विचारून थांबलो नाही, त्या दिवशी पाणी साधारण किती असेल आणि वर धरण असेल तर ते कधी सोडतात हेही विचारलं. उत्तर क्युमेक्समधे येतं, 1 क्युमेक म्हणजे सेकंदाला 1000 लिटर. आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे कळल्यावर आमच्यातल्या एका फुशारकीबहाद्दराचा आवाज जरा खाली आला.

आता लाईफ जॅकेट. टँकच्या कोचने पहिल्या दिवशी सगळ्यांना जॅकेट घालायला लावलं आणि मग एकेकाच्या मागे उभं राहून खांद्याचे पट्टे धरून वर खेचलं. माझं सरळ कानापर्यंत आलं! वरून बघताना मस्त फिट वाटत होतं, पण पाण्यात पडल्यावर जॅकेट वर तरंगतं आणि आपण त्यातून खाली सरकतो, हनुवटी आत आणि नाक पाण्याला टेकलेलं. आधी सगळे पट्टे ढिले करायचे, मग कमरेचा आवळायचा, मग त्याच्या वरचा, खांद्याचे सगळ्यात शेवटी. श्वास घेता आला पाहिजे पण खेचल्यावर जॅकेट जागचं हलता कामा नये. जॅकेटवर 50 न्यूटन वगैरे लिहिलेलं असतं ते प्लावक बल, म्हणजे साधारण 5 किलो वजन उचलून धरेल एवढं. ऐकायला कमी वाटतं पण पाण्यात माणसाचं वजन मुळात तेवढंच काय ते उरतं. फक्त रॅपिडमधल्या पांढऱ्या फेसात हवा भरपूर मिसळलेली असते, तिथे शरीर कमी तरंगतं, म्हणून राफ्टिंगवाले सहसा जाडजूड, जास्त ताकदीचं जॅकेट देतात. जाड दिसतं म्हणून कुरकुर करू नका.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो श्वासावर. थंड पाण्यात अचानक पडलं की छाती आपोआप मोठा आचका घेते, थांबवायचं म्हटलं तरी थांबत नाही, आणि नेमकं तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर संपलंच. यासाठी 1-10-1 असा हिशोब सांगतात: पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणायचं, पुढची साधारण 10 मिनिटं हातपाय कामाचे असतात, आणि थंडीने शुद्ध हरपायला 1 तासाच्या आसपास लागतो. हे बर्फाळ पाण्याचे आकडे आहेत पण क्रम सगळीकडे तोच, आधी श्वास मग हातपाय. म्हणून आम्ही गार पाण्याच्या शॉवरखाली उभं राहून फक्त हळू श्वास सोडायचा सराव करतोय, घेण्याकडे लक्ष द्यायचं नाही, सोडायचा लांब सोडायचा. सुरुवातीला नुसती फें फें व्हायची, आता बऱ्यापैकी आवरतं. शरीराला सवय होते हे खरंय. मात्र हार्टचा किंवा बीपीचा काही त्रास असेल तर हे डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नका, गार पाण्याचा झटका हृदयालाही बसतो.

मग पोहायची पोझिशन. उताणं पडायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत, गुडघे किंचित वाकलेले, म्हणजे खडक आला तर आधी पायाने झेलता येतो. ऐकायला सोपं, करताना बूड खाली जातं आणि तेच आधी दगडावर आपटतं, त्यामुळे पोट वर उचलून धरायचा वेगळा सराव केला. लाटांमधे श्वास लाटेच्या माथ्यावर घ्यायचा नाही, दोन लाटांच्या मधल्या खळग्यात घ्यायचा, माथ्यावर पाणी तोंडावरच फुटतं. आणि काठ जवळ दिसला की उताणं पडून राहायचं नाही, पालथं होऊन जीव खाऊन हात मारायचे. न पोहणाऱ्या दोघांना उताणं पडणं आमच्यापेक्षा लवकर जमलं, कारण आम्हाला सतत काहीतरी करायची खाज!

आणि एक गोष्ट मी सगळ्यांच्या डोक्यात अक्षरशः ठोकून बसवतेय: वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. पाणी अगदी मांडीएवढं असलं तरी नाही. पाय दोन दगडांच्या फटीत अडकला की मागून येणारं पाणी माणसाला पुढे पाडतं आणि मग त्या वजनाखालून पाय सुटत नाही. हात तळाला सहज टेकायला लागले की मगच उठायचं. दुसरा राक्षस म्हणजे पाण्यात आडवं पडलेलं झाड, पाणी फांद्यांमधून गाळून जातं, माणूस चिकटून राहतो. त्याच्यापासून लांबच पोहायचं, पण टळतच नसेल तर तिथे पाय पुढे करायचे नाहीत, उलट पालथं होऊन डोकं पुढे, जोरात पोहत जाऊन त्याच्यावर चढायचं. कोचने टँकमधे आडवा पाईप धरून हे करून घेतलं. पोटाला खरचटलं, पण चढले.

थ्रो बॅगचा, म्हणजे पाण्यात पडलेल्याकडे फेकायच्या दोरीच्या पिशवीचा, सराव बाहेर मैदानावर. 15 ते 20 मीटर दोरी पिशवीत असते, टोक हातात धरून पिशवी फेकायची, माणसाच्या पलीकडे पडली पाहिजे म्हणजे दोरी त्याच्या अंगावर येते. आणि आपण पाण्यात असू तर दोरी पकडायची, पिशवी नाही, दोरी खांद्यावरून घेऊन छातीशी धरायची आणि उताणं पडायचं, मनगटाला गुंडाळायची तर अजिबात नाही कारण सोडायची वेळ आली तर सुटली पाहिजे.

पॅडलचं तंत्र अजून कच्चं आहे. राफ्ट नाहीये त्यामुळे बाकावर कडेला बसून कमरेतून पुढे वाकायचं, पातं पूर्ण बुडेल असं खाली रोवायचं आणि अंग मागे घेऊन खेचायचं, नुसत्या हाताने खेचलं की खांदे लगेच बोंबलतात. वरच्या टोकाला जी आडवी मूठ असते ती कधीच मोकळी सोडायची नाही, राफ्टमधे सगळ्यात जास्त दात आणि नाकं त्या मुठीनेच फुटतात असं ज्याला विचारावं तो सांगतो. कमांड्स आम्ही चहा पिता पिता एकमेकांवर ओरडतो, फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, गेट डाऊन. त्यातली हाय साईड सगळ्यात उलटी: राफ्ट खडकावर आडवी आदळली की मन म्हणतं खडकापासून लांब पळ, पण झेपावायचं असतं खडकाच्याच बाजूला, नाहीतर जिथून प्रवाह येतो त्या बाजूची कड बुडते आणि राफ्ट उलटते. हे अजून निम्म्यांचं चुकतंय.

कपड्यांचं फार लांबवत नाही. कॉटन आणि जीन्स बाद, लवकर वाळणारं काहीही चालेल, टाचेला पट्टा असलेले बूट किंवा सँडल, चपला नाहीत, अंगठ्या काढून ठेवायच्या, चष्म्याला दोरी. सनस्क्रीन तळहाताला लागू द्यायचं नाही, पॅडल सटकतं.

राहिलंय काय, तर पाण्यातल्याला राफ्टमधे ओढून घेणं. जॅकेटचे खांद्याचे पट्टे धरायचे, गुडघे ट्यूबला (राफ्टची हवा भरलेली कड) टेकवायचे आणि स्वतःला मागे झोकून द्यायचं, हाताच्या ताकदीवर जात नाही. टँकच्या काठावर करून बघितलं पण काठ कडक असतो, राफ्टची ट्यूब गोल आणि ओली, त्यामुळे खरा अंदाज येत नाहीये. ओळखीतून एक जुनी राफ्ट टँकवर आणायचं चाललंय, मिळाली तर तिच्याखाली अडकल्यावर हात वर टेकवून एकाच दिशेने सरकत बाहेर यायचा सरावही त्यातच उरकू. ज्यांनी ग्रेड 3 केलंय त्यांनी एवढं सांगा, ग्लोव्हज घातल्यावर पॅडलची मूठ नीट हातात बसते का, की उघडे हातच बरे? आमच्यात यावर तीन-तीन मतं पडलीयेत.