आबे गेले त्या दिवशीचा वर्ग

जपानच्या परराष्ट्र धोरणावर संशोधन करणाऱ्या माणसाचे बहुतेक दिवस कागदांत जातात. टोकियोत आझाबुदाईला परराष्ट्र मंत्रालयाचं अभिलेखागार आहे. तिथे बसून जुन्या फायली मागवायच्या, कुठल्या अधिकाऱ्यानं मसुद्यातला कुठला परिच्छेद खोडला ते बघायचं, टिपणं काढायची. मला हे काम मनापासून आवडतं. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकायला लागले तेव्हा आपण या वाटेला येऊ असं वाटलं नव्हतं. आता दुसरं काही करावंसं वाटत नाही.

८ जुलै २०२२, शुक्रवार. दुपारी माझी झेमी होती. झेमी म्हणजे मोजक्या विद्यार्थ्यांचा अभ्यासगट. जपानी विद्यापीठात खरं शिक्षण होतं ते तिथेच, असं माझं मत आहे. त्या दिवशीचा विषय महिनाभर आधी ठरला होता: जानेवारी १९७४. पंतप्रधान काकुएई तानाका आग्नेय आशियाच्या दौऱ्यावर निघाले आणि बँकॉकमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. जकार्तात तर दंगल उसळली. जपानी बनावटीच्या गाड्या पेटवल्या गेल्या, माणसं मेली आणि तानाकांना हेलिकॉप्टरनं विमानतळावर न्यावं लागलं. इंडोनेशियातल्या सेनाधिकाऱ्यांची आपसातली चढाओढही त्यामागे होती, हे खरं. पण जपानी मालानं बाजार भरून टाकलाय आणि जपानी माणूस आपल्याकडे फक्त गिऱ्हाईक म्हणून बघतो, हा राग खराच होता. थायलंडमध्ये १९७२ सालीच जपानी मालावर बहिष्काराची मोहीम झाली होती.

बाराच्या आसपास शेजारच्या खोलीतले सहकारी दार न वाजवता आत आले. जपानात असं कोणी करत नाही. म्हणाले, "नारामध्ये आबेंवर गोळी झाडलीय."

एनएचके ही इथली सार्वजनिक वाहिनी लावली. यामातो-साइदाइजी स्टेशनसमोर साडेअकराच्या सुमाराला माजी पंतप्रधान शिंझो आबे प्रचाराचं भाषण करत होते. रविवारी वरिष्ठ सभागृहाची निवडणूक होती. पाठीमागून कोणीतरी हातानं बनवलेल्या बंदुकीतून दोनदा गोळ्या झाडल्या. ज्या देशात सबंध वर्षात बंदुकीनं मरणारी माणसं बोटांवर मोजता येतात, तिथे हे घडलं होतं. वृत्तनिवेदक पुन्हा पुन्हा 'हृदयक्रिया बंद पडलेल्या अवस्थेत' असं म्हणत होता. डॉक्टर जाहीर करत नाहीत तोवर मृत्यू झाला असं इथे म्हणायचं नसतं, पण त्या शब्दांचा अर्थ सगळ्यांना कळतो.

वर्ग घ्यायचा की रद्द करायचा? मी घ्यायचं ठरवलं. अशा दिवशी विद्यार्थ्यांनी एकेकट्यानं फोनकडे बघत बसू नये असं मला वाटलं.

सगळे आले होते. जपानी मुलं होती, सोलची एक मुलगी, तैपेईची एक, चीनमधला एक मुलगा, हनोईचा एक. तैपेईच्या मुलीचे डोळे सुजलेले होते. "तैवानवरचं संकट म्हणजे जपानवरचं संकट" असं आबे सात महिन्यांपूर्वीच बोलले होते आणि तिच्या घरी ते वाक्य सगळ्यांना पाठ होतं. ती म्हणाली, "आमच्याबद्दल मोठ्यानं बोलणारा दुसरा माणूस कोण आहे, सेन्सेई?" चीनचा मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याच्या देशातल्या समाजमाध्यमांवर आनंद व्यक्त करणारे संदेश फिरायला लागले होते आणि ते आपल्या तोंडावर चिकटलेत असं त्याला वाटत असावं. त्याला कोणीही काही विचारलं नाही. त्या वर्गाबद्दल मला अभिमान वाटतो तो यासाठी.

सोलची मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "मला वाईट वाटतंय. पण मी त्यांच्याबद्दल जे मत मांडत आले ते आज बदलायला हवं का?"

हा प्रश्न तिनं विचारला, पण तो माझ्याही समोर होता. आबेंबद्दल लिहिलेलं माझं कितीतरी लिखाण टीकेचं आहे. २६ डिसेंबर २०१३ला ते यासुकुनी मंदिरात गेले, जिथे युद्धात मेलेल्यांबरोबर युद्धगुन्हेगारांनाही पूजलं जातं, तेव्हा बीजिंग आणि सोल संतापलेच, अमेरिकेनंही उघड नाराजी नोंदवली. डिसेंबर २०१५मध्ये त्यांच्या सरकारनं युद्धकाळातल्या 'कम्फर्ट विमेन'च्या, म्हणजे जपानी सैन्यासाठी लैंगिक गुलामीत ढकललेल्या बायकांच्या, प्रश्नावर दक्षिण कोरियाशी समझोता केला आणि १ अब्ज येन दिले, पण ज्या म्हाताऱ्या बायकांचं आयुष्य त्यात गेलं होतं त्यांना विचारलंच नाही, ही कोरियातली तक्रार मला योग्य वाटते. याच माणसानं पहिल्यांदा पंतप्रधान झाल्यावर, ऑक्टोबर २००६मध्ये, पहिला परदेश दौरा वॉशिंग्टनचा न करता बीजिंगचा आणि दुसऱ्या दिवशी सोलचा केला होता, हेही तितकंच खरं. आधीचे पंतप्रधान कोइझुमी यांच्या काळात गोठलेले संबंध त्या दौऱ्यानं मोकळे झाले.

मी तिला म्हटलं, मत बदलायचं ते पुराव्यानं. आज नवा पुरावा आलेला नाही, आज दुःख आलंय. दोन्ही बरोबर घेऊन बस.

मग आम्ही ठरलेलाच विषय घेतला. तो किती जवळचा निघाला हे वर्गात बोलता बोलता उलगडत गेलं. जकार्ताच्या धक्क्यातून तीन वर्षांनी, १८ ऑगस्ट १९७७ला, पंतप्रधान ताकेओ फुकुदांनी मनिलात भाषण केलं: जपान लष्करी सत्ता होणार नाही, आग्नेय आशियाशी मनापासूनच्या विश्वासाचं नातं जोडेल, आसियान या तिथल्या देशांच्या संघटनेशी बरोबरीनं वागेल आणि इंडोचीनच्या देशांशीही समजुतीनं राहील. हाच फुकुदा सिद्धांत. त्याच फुकुदांच्या मंत्रिमंडळात त्या वर्षाअखेरीस शिंझो आबेंचे वडील शिंतारो आबे मुख्य कॅबिनेट सचिव झाले; जपानात हे मंत्रिपद असतं. पुढे १९८२ला ते परराष्ट्रमंत्री झाले, तेव्हा त्यांचा मुलगा पोलाद कंपनीतली नोकरी सोडून त्यांचा सचिव झाला. तो मुलगा आत्ता नाराच्या जवळच्या रुग्णालयात होता. हनोईच्या विद्यार्थ्यानं आठवण करून दिली की २०१२ला सत्तेत परत आल्यावर आबेंचा पहिला दौरा व्हिएतनाम, थायलंड आणि इंडोनेशियाचा होता आणि वर्षाच्या आत ते आसियानचे दहाही देश फिरून आले. एक जपानी मुलगी म्हणाली, २०१५ला आबे सरकारच्या सुरक्षा कायद्यांच्या विरोधात संसदेसमोर निदर्शनं झाली तेव्हा माझी आई तिथे उभी होती, आणि मघाशी तीच आई फोनवर रडली.

मी इतकी वर्षं जे सांगू बघत होते ते त्या तासाभरात माझ्यापेक्षा विद्यार्थ्यांनीच जास्त स्पष्ट मांडलं. एखाद्या देशाचं धोरण त्याच्या राजधानीत लिहिलं जातं, पण त्याचं पुढे काय होतं हे, ते ज्यांच्या दारात जातं, ती माणसं ठरवतात. जकार्ताचे विद्यार्थी रस्त्यावर आले नसते तर मनिलाचं भाषण तसं झालं नसतं.

वर्ग सुटला आणि भारतातून फोन सुरू झाले. तिकडे दुपार होती. मराठी वाहिन्या तो आठवडा महाराष्ट्रातल्या सत्तांतरात बुडालेल्या होत्या, त्यातून वेळ काढून त्यांनी नाराकडे बघितलं होतं. पहिला प्रश्न आला: "मॅडम, यामागे चीनचा हात असू शकतो का?" मी म्हटलं, हल्लेखोर पकडलाय, पोलीस चौकशी करताहेत, याहून जास्त कोणालाही माहीत नाही आणि मी बोलणार नाही. (त्याचा राग एका धार्मिक संघटनेवर होता, परराष्ट्र धोरणाशी त्याचा संबंध नव्हता, हे पुढे कळलं.) दुसरा प्रश्न: "बुलेट ट्रेनचं आता काय?" त्याचं उत्तर सोपं होतं. कर्ज जपानच्या सरकारी संस्थेचं, जायकाचं आहे. ते माणसाबरोबर जात नाही.

पाच वाजून तीन मिनिटांनी आबेंचा मृत्यू झाला. ते जाहीर झालं तेव्हा मी स्टेशनच्या वाटेवर होते. माणसं फोनकडे बघत जागच्या जागी थांबली होती. मीही थांबले.

रात्री एका मराठी दैनिकासाठी लेख लिहायचा होता. संपादकांना 'भारताचा सच्चा मित्र' हवा होता, आणि ते चुकीचं नव्हतं. २२ ऑगस्ट २००७ला आपल्या संसदेत दाराशुकोहच्या ग्रंथाचा दाखला देत हिंदी आणि प्रशांत या दोन महासागरांच्या संगमाची कल्पना आबेंनी मांडली. ज्या 'इंडो-पॅसिफिक'बद्दल आज सगळे बोलतात त्याचं बीज तिथे आहे. त्यांचे आजोबा नोबुसुके किशी हे भारतात आलेले पहिले जपानी पंतप्रधान, १९५७ साली. पुढच्याच वर्षी जपाननं आपलं पहिलं येन-कर्ज भारताला दिलं. क्वाड हा भारत, जपान, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाचा गट, अणुकरार, वाराणसीची गंगाआरती, सगळं लिहिलं. पण दोन परिच्छेद यासुकुनीचे आणि सोलचेही लिहिले. ते काढावेत असा आग्रह झाला, "आजच्या दिवशी कशाला" म्हणून. मी नाही म्हटलं. भारतात आपण जपानकडे एकाच खिडकीतून बघतो, जिथून फक्त मैत्री दिसते. जपानचं शेजारी देशांशी काय झालं हे आपल्याला माहीत नसेल, तर हा मित्र आपल्याला इतका जवळचा का मानतो हेही कळणार नाही. आपल्याकडे त्याला माफी मागावी लागत नाही, हे त्याचं एक मोठं कारण आहे. बराच वेळ बोलणं झालं आणि लेख दोन्ही परिच्छेदांसकट छापून आला. संपादकांनी ऐकलं, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

लेखात जकार्ताचाही उल्लेख होता. काही दिवसांनी पालघर जिल्ह्यातल्या एका शिक्षकांचं पत्र आलं. बुलेट ट्रेनच्या मार्गात त्यांच्या गावची जमीन जाते. त्यांनी लिहिलं होतं, "तुम्ही म्हणता जकार्ताच्या लोकांचा राग टोकियोत ऐकला गेला. आमच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. ते टोकियोत कोणी वाचतं का?"

मी हे पत्र बाजूला ठेवू शकले नाही. जायकाच्या पर्यावरण आणि सामाजिक मार्गदर्शक तत्त्वांत बाधित लोकांना थेट हरकत नोंदवायची सोय आहे, आणि गुजरातमधल्या शेतकऱ्यांनी २०१८मध्ये जायकाशी पत्रव्यवहार केला होता, हे मी त्यांना कळवलं. त्यासाठी लागणारे जपानी कागद मराठीत करून पाठवले. त्यांनी मला ठराव पाठवले.

आता झेमीत मनिलाच्या भाषणानंतर आम्ही ते ठराव वाचतो. जपानी अनुवाद मीच केलाय. त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न विचारले ते इंडोनेशियाहून आलेल्या एका विद्यार्थ्यानं: सातबाऱ्यावर नाव कोणाचं असतं, आणि वनहक्काचा दावा अजून मंजूर व्हायचा असेल तर भरपाई कोणाला मिळते? दुसऱ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मला कागदांवरून देता आलं नाही. त्यासाठी येत्या सुट्टीत मी डहाणूला जाणार आहे.