चार थाऊ

२०२५ च्या ३ जुलैची, गुरुवारची गोष्ट. दुपारचे पावणेपाच वाजलेले, बाहेर ऊन मी म्हणत होतं, खिडकीसमोर वीसेक लोकांची रांग, आणि एक तिशीतला माणूस रांग मोडून पुढे आला आणि त्याने माझ्यासमोर अर्धा रिकामा कॅन ठेवला. कॅन उघडलेला नव्हता. टॅब जागच्या जागी होती, तरी आतली अर्धी बिअर गेलेली. म्हणाला, गाडीची डिकी बघायला या, सगळं कार्पेट भिजलंय, सासऱ्यांकडे चाललो होतो.

मी कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या उत्तरेला एका छोट्या ब्रुअरीच्या टॅपरूममधे, म्हणजे तिथलीच बिअर नळावरून देणाऱ्या बारमधे, काम करते. लोकांना वाटतं दिवसभर ग्लास भरायचे आणि गप्पा मारायच्या, पण आमचा निम्मा धंदा पार्सलचा आहे. पूर्वी पार्सल म्हणजे ग्राउलर, काचेचा ६४ औंसाचा जग, म्हणजे दोन लिटरला जरा कमी. गिऱ्हाईक घरून आणणार, आम्ही भरून देणार. आता बहुतेक लोक क्राउलर नेतात. हा ३२ औंसाचा, ९४६ मिलीचा ॲल्युमिनियमचा कॅन, टॅपवरून तुमच्यासमोर भरायचा, वर झाकण ठेवायचं आणि टेबलावरच्या मशीनने तिथल्या तिथे सील करायचं. प्यायचा आणि टाकून द्यायचा. हे आमच्याच भागातलं पिल्लू आहे. इथल्याच ऑस्कर ब्लूज ब्रुअरीवाल्यांनी २००२ मधे कॅनमधे बिअर भरायला सुरुवात केली तेव्हा क्राफ्टवाले, म्हणजे छोट्या ब्रुअरीवाले, कॅनला नाक मुरडायचे, आणि पुढे ऑस्कर ब्लूजवाल्यांनीच कॅन बनवणाऱ्या बॉल कंपनीबरोबर हा क्राउलर काढला. १७ मार्च २०२० ला करोनामुळे कोलोरॅडोत बसून खाणं-पिणं बंद झालं, लोकांनी घरून आणलेल्या जगाला हात लावायची कोणाची हिंमत होईना, तेव्हा कित्येक टॅपरूम याच कॅनवर तगून राहिल्या, आमचीसुद्धा.

मला हा कॅन आवडतो हे आधीच सांगते. लोक जग धूत नाहीत हो! बुडाशी हिरवा थर असलेले जग माझ्यासमोर आणून ठेवलेत आणि वर "भर ना" म्हणून मलाच घाई केली आहे. कॅनचं तसं नाही, तो कोरा असतो, उजेड आत जात नाही, आणि नीट भरला तर हवा जवळपास राहतच नाही. नीट भरणं हे मात्र शिकायला लागतं. आधी कॅनमधे कार्बन डायऑक्साइड सोडून हवा बाहेर ढकलायची, मग नळी पार तळापर्यंत नेऊन सावकाश भरायचं, शेवटी मुद्दाम फेस वर येऊ द्यायचा, काठावरून ओघळू द्यायचा आणि त्या ओघळत्या फेसावरच झाकण ठेवायचं. फेस खाली बसला की तिथे हवा शिरते, आणि हवा शिरली की आयपीएसारखी कडवट, सुगंधी बिअर थोड्याच दिवसात ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायला लागते. नवी पोरं फेस पुसून स्वच्छ कॅनवर झाकण ठेवतात, दिसायला छान, पण ते चूक आहे.

मग सीम, म्हणजे झाकण आणि कॅन यांचा जोड. कॅन पाटावर ठेवून लिव्हर दाबला की तो वर जाऊन चकला, म्हणजे झाकण धरणाऱ्या पकडीला, भिडतो आणि फिरायला लागतो. पहिला रोलर झाकणाची कड कॅनच्या ओठाखाली वळवतो, दुसरा रोलर ती घडी दाबून सपाट करतो. पाच-सहा सेकंदांचं काम. दोन पत्रे एकमेकांत हुकासारखे अडकलेले असतात आणि सगळं प्रेशर त्या अडकलेल्या घडीवर. बाहेरून बघून काही कळत नाही.

माझे वडील, आप्पा, कोल्हापुरात शिरोलीच्या एमआयडीसीत टर्नर होते. आमच्या घरात इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतात आणि दोन थाऊवरून आप्पा जेवण टाकून उठलेले मी पाहिलेत. म्हणून हे मशीन आलं तेव्हा मी पहिल्या आठवड्यातच मायक्रोमीटर मागून घेतला. रोज सकाळी दोन कॅन पाण्याने भरून सील करायचे, सीमची जाडी मोजायची, एक कापून आतला हुक बघायचा. मॅनेजरला हे पहिल्यापासून खुपत होतं. कॅन आणि झाकण मिळून आम्हाला डॉलरच्या वर पडतं. त्यात त्याच जूनमधे आयात ॲल्युमिनियमवरची ड्यूटी २५ ची ५० टक्के झाली, आणि पुरवठादाराचं नवं दरपत्रक आल्या दिवशी मॅनेजरने सांगितलं की तपासणी आठवड्यातून एकदा, सोमवारी. रोजचे दोन कॅन कचऱ्यात घालायला परवडत नाहीत. मी बोलले, पण मालकही गप्प बसले म्हटल्यावर मीही विषय सोडला. तो सोडायला नको होता.

बुधवारी रात्री, दुसऱ्या दिवशीच्या गर्दीसाठी, मशीन ट्रॉलीवर घालून आतल्या बारवरून खिडकीपाशी हलवलं. दोन उंबरे लागले, दणके बसले. गुरुवारी सकाळच्या पोराने पहिला कॅन उलटा करून, अंगठ्याने दाबून बघितला, गळला नाही, सुरू केलं. त्याची चूक नाही, त्याला तेवढंच शिकवलं होतं. मी दोनला आले आणि रांग बघून सरळ भरायला लागले. मीसुद्धा मोजलं नाही.

त्या माणसाशी मॅनेजर जे बोलला ते मला अजून डाचतंय. स्टिकरवर बोट ठेवून म्हणाला, थंड ठेवा असं लिहिलंय, तुम्ही उन्हात गाडीत ठेवलात. ते खरं होतं, आमची बिअर पाश्चराइज केलेली नसते आणि तापली की गॅस सुटून प्रेशर वाढतं. पण त्याने चार कॅन नेले होते आणि चारांतले दोनच गळले होते. ऊन तर चारींना सारखंच लागलं ना?

मी खिडकी दुसरीच्या हवाली केली आणि तो कॅन मागे नेला. सीमची जाडी तीन ठिकाणी मोजली. मशीनबरोबर आलेल्या तक्त्यातल्या मर्यादेपेक्षा चार थाऊ जास्त. मग कात्रीने झाकण कापलं, सीमला खाच पाडली आणि हुक सोडवून दिव्याखाली धरला, तर त्याच्या कडेला सुरकुत्या, साडीच्या निऱ्यांसारख्या एकाशेजारी एक. दुसरा रोलर घट्ट दाबत असता तर त्या सपाट झाल्या असत्या. मशीनपाशी जाऊन बघितलं तर त्या रोलरची लॉक नट बोटाने फिरत होती.

मशीन बंद करा म्हटलं. रांगेत ३ जुलैची माणसं, दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, प्रत्येकाला सहा-आठ कॅन हवेत. मॅनेजर म्हणाला, आज नको, नट आवळ आणि चालू कर. मी नट आवळली, दोन कॅन पाण्याने भरून मोजले, पुन्हा आवळली, पुन्हा दोन मोजले, तेव्हा माप बसलं. पंचवीस मिनिटं गेली. तेवढ्यात आमचे एक जुने गिऱ्हाईक, सत्तरीचे गृहस्थ, आपला तोच काचेचा जग घेऊन आले, भरून घेतला, झाकण स्वतः पिळलं आणि गेले.

सकाळपासून ४१ कॅन गेले होते. कार्डाने पैसे देणाऱ्याचा फोन नंबर आमच्याकडे नसतो, फक्त मेंबर लोकांचा असतो. संध्याकाळी सातपासून मी फोन लावत बसले. २६ कॅनचा पत्ता लागला, त्यातले पाच ओलसर निघाले. एका बाईंनी उलट माझीच चौकशी केली, एकजण फुकट कॅनसाठी भांडला. राहिलेले १५ कुठे गेले ते आजपर्यंत कळलेलं नाही. कोणाच्या तरी गाडीत, तंबूत, फ्रीजमधे गळले असतील किंवा गळले नसतील. सगळ्यांवर माझ्या किंवा त्या पोराच्या हातचं मार्करने लिहिलेलं बिअरचं नाव आहे. रिकामे परतसुद्धा येणार नाहीत, कारण मिशिगनसारखे कॅनमागे १० सेंट परत द्यायची पद्धत कोलोरॅडोत नाही, गेला तो कॅन गेला.

मालकांनी त्या माणसाला पैसे दिले आणि डिकी साफ करून द्यायचा खर्चही उचलला, हे त्यांच्या बाजूने सांगायला पाहिजे. त्या एका दिवसाच्या भरपाईत वर्षभराचे तपासणीचे कॅन आले असते की नाही हा हिशोब मी मांडलेला नाही, कारण तो पैशाचा हिशोबच नव्हे.

रात्री आप्पांना फोन केला. तिकडे सकाळ. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "डोळ्याला दिसत न्हाई, अंगठ्याला कळत न्हाई, म्हणून तर मायक्रोमीटर दिलाय न्हवं?" मी म्हटलं, आप्पा, मायक्रोमीटर माझ्या ॲप्रनच्या खिशातच होता.

आता रोज सकाळी दोन कॅन मोजायचे असं ठरलंय. मशीन हलवलं की पुन्हा दोन. स्टॉकच्या वहीत ते कॅन मॅनेजर "वाया" या रकान्यात मांडतो. मी तो आकडा खोडून शेजारी "तपासणी" असा नवा रकाना आखते आणि त्यात लिहिते. महिना संपला की नवं पान येतं, त्यावर तो रकाना नसतो, मी पुन्हा आखते.