आमची वाटचाल: अरुबातला वारा, पाणी आणि पिझ्झा

कॅरिबियन समुद्रातल्या अरुबा या डच राज्यातल्या बेटावर सुट्टीला येणाऱ्यांपैकी अनेक जण आधी येऊन गेलेले असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून थेट विमानं आहेत, टाइमशेअरवाले, म्हणजे हॉटेलातल्या खोलीचा वर्षातला ठराविक काळ विकत घेतलेले लोक, दरवर्षी त्याच आठवड्यात त्याच हॉटेलात उतरतात. त्यामुळे इथे पिझ्झाची तुलना फार बारकाईने होते. ईगल बीचजवळचा बरा की नोर्डमधला, गेल्या वर्षी कडा कुरकुरीत होती ती यंदा का नाही, असे प्रश्न थेट काउंटरवर येतात. आमचं छोटं दुकान या प्रश्नांची उत्तरं शोधतच घडलं.

सुरुवात न्यूयॉर्क पद्धतीच्या 16 इंची पिझ्झाने केली, कारण बहुसंख्य गिऱ्हाईक घरी तोच खातं. दगडी तळाचा गॅस ओव्हन, 290 ते 300 अंश सेल्सिअस, सात मिनिटं. कृती अमेरिकेत पक्की ठरलेली आहे, पण ती इथे जशीच्या तशी चालत नाही आणि त्याचं पहिलं कारण पाणी. बेटावर नदी नाही. 1932 पासून समुद्राचं पाणी गोडं करून नळाला येतं. प्यायला ते उत्तम आहे, पण क्षार कमी असल्याने मळलेलं पीठ सैल आणि चिकट होतं. म्हणून 100 भाग मैद्याला 63 ऐवजी 60 भाग पाणी घेतो आणि मीठ 2 वरून अडीच भागांवर नेलं. मीठ पिठाला घट्टपणा देतं आणि यीस्टला आवरही घालतं. इथल्या उकाड्यात ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची.

मळून झालेलं पीठ 25 अंशांवर हवं. त्याचा हिशेब असा: खोली, मैदा आणि पाणी या तिघांसाठी 25 गुणिले 3 म्हणजे 75. त्यातून खोलीचे 29, मैद्याचे 29 आणि यंत्राच्या घर्षणाचे साधारण 12 वजा केले की उरतात 5. पाणी 5 अंशांचं लागतं आणि नळाला येतं 29 अंशांचं. म्हणून 10 किलो मैद्याच्या 6 किलो पाण्यात सुमारे 1.3 किलो बर्फाचा चुरा धरतो. यीस्ट 30 ग्रॅम, तेल 200, साखर 100. तेल सगळ्यात शेवटी. यातून 500 ग्रॅमचे 33 उंडे पडतात. ते 4 अंशांवर 48 तास थांबतात. बाहेर काढल्यावर थंड देशांत दोन तास ठेवतात, इथे पाऊण तास पुरतो. त्यापुढे उंडा पसरतो आणि ताणताना मधे फाटतो. युरोपातून मळणी यंत्र मागवणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं: अरुबाची वीज 60 हर्ट्झची आहे. 50 हर्ट्झची साधी मोटर इथे जोरात फिरते आणि पीठ आणखी तापवते.

मग वारा. पूर्वेकडून जवळजवळ वर्षभर वाहणारा हा वारा गिऱ्हाइकाला सुखाचा, पिझ्झाला नाही. उघड्या उंड्यावर काही मिनिटांत कोरडी साल धरते आणि तिथेच चीर पडते. त्यामुळे झाकणाचे डबे वापरावेच लागतात. भट्टीचं तोंड पश्चिमेला केलं, आणि बाहेरच्या टेबलांवर वाऱ्याच्या बाजूला अर्धी भिंत घातली, कारण ताटलीतलं चीज पाच मिनिटांत घट्ट होतं आणि तोच पिझ्झा वातड लागतो. दोन दुकानांची तुलना करताना एकीकडे आत बसून आणि दुसरीकडे वाऱ्यात खाल्लं असेल तर ती तुलना धरूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मार्च 2020 मध्ये सीमा बंद झाल्या. अमेरिकी पर्यटक जुलैत परतू लागले, पण मधल्या काळात दुकान बेटावरच्या माणसांनी चालवलं. त्यांची जीभ वेगळी. केशी येना, म्हणजे सारण भरून भाजलेलं चीज, करणाऱ्या घरात गौडा हे डच चीज कायम असतं, त्यामुळे नुसतं मोझरेला त्यांना पचपचीत वाटतं. आम्ही 80 भाग मोझरेला आणि 20 भाग कोवळं गौडा घेऊ लागलो. जुनं गौडा वापरू नये. ते भाजताना तेल सोडतं. व्हेनेझुएलातून आलेल्या कुटुंबांना वर मका आणि बेकन हवं, डच मंडळींना पातळ, एका माणसाचा, काट्या-सुरीने खायचा पिझ्झा. आणि टेबलावर पिका दि पापाया, म्हणजे पपई आणि मादाम जनेट मिरचीची झणझणीत चटणी, सगळ्यांनाच.

नापोलीच्या पद्धतीचा पिझ्झा शेवटी आला. 250 ग्रॅमचा उंडा, तेल-साखर नाही, 450 अंश, दीड मिनिट. एवढ्या आचेला साखर करपते. बेट कोरडं, जळाऊ लाकूड बाहेरून आणायचं, म्हणून घुमटाची भट्टीही गॅसच्या सिलिंडरवरच. हा पिझ्झा मधे ओलसर असतो, कच्चा नसतो. न्यूयॉर्कवाल्या सवयीने त्याला कमी गुण देणं अन्यायाचं आहे. तुलना करायचीच तर दोन्हीकडे एकाच पद्धतीचा साधा चीज पिझ्झा मागवा, कडा उचलून तळ बघा. ठिपकेदार तपकिरी तळ चांगला; सलग पांढरा असेल तर दगड तापलेला नव्हता.

न्यू जर्सीकडून येणारी मराठी कुटुंबं आणि क्रूझ जहाजांवरची कोकण-गोव्यातली मुलं आली की शाकाहाराचा प्रश्न येतो. अस्सल पार्मिजानोत वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध फाडणारं द्रव्य, असतं, पारंपरिक गौडातही. म्हणून सूक्ष्मजीवी रेनेटचं मोझरेला वेगळ्या डब्यात, आणि त्यासाठी सुरी-फावडंही वेगळं.

बोट उशिरा आली की चीज गोठवलेलं वापरावं लागतं. ते फ्रिजमध्ये सावकाश, काही दिवस घेऊनच सुटू द्यायचं. घाईने किसलं तर भुगा होतो आणि भाजताना पाणी सुटतं. खारी हवा मात्र रोजचा शत्रू आहे. फ्रिजच्या मागच्या जाळीवर लेप दिलेला हवा, ती गोड्या पाण्याने नियमित धुवावी लागते, आणि बाहेरचं स्टील 304 ऐवजी 316 प्रतीचं घेतलं तर डाग कमी पडतात. पुठ्ठ्याचे खोकेही दमट हवेत मऊ होतात, म्हणून ते बंद खोलीत आर्द्रता शोषणाऱ्या यंत्रापाशी ठेवतो.

हॉटेलवर नेणाऱ्यांना एवढंच सांगतो: खोक्याची वाफेची भोकं उघडी ठेवा. उरलेला तुकडा मायक्रोवेव्हमध्ये न घालता कोरड्या तव्यावर मध्यम आचेवर तीन मिनिटं ठेवा, शेवटच्या मिनिटाला झाकण घाला. टाइमशेअरच्या स्वयंपाकघरात तवा असतोच.