टर्बो की सिक्स सिलिंडर? जुनी गाडी घेताना मी कसं ठरवलं

जुनी गाडी घ्यायची म्हटल्यावर बाकीचं पटापट ठरलं, सेडान हवी, पेट्रोल हवं, ऑटोमॅटिक हवी आणि ओव्हरटेकला पाय दाबला की गाडीने विचार करत बसायला नको. अडलं ते इंजिनपाशी. त्या साइझच्या गाड्यांमध्ये ताकदीची दोन तऱ्हेची इंजिनं दिसत होती, एक दोन लिटरचं फोर सिलिंडर टर्बो (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या गॅसवर फिरून सिलिंडरमध्ये जास्त हवा दाबणारा पंखा) आणि दुसरं साडेतीन लिटरच्या आसपासचं सिक्स सिलिंडर, बिनटर्बोचं. आणि ज्याला विचारावं तो ठाम. टर्बोवाले म्हणणार सिक्स नुसतं पेट्रोल पितं, सिक्सवाले म्हणणार जुना टर्बो घेतलास की खर्चात पडलीस. मला दोन्हीतलं काही पटेना, कारण हे सगळे इंजिनाच्या डिझाइनबद्दल बोलत होते आणि मी तर कोणीतरी आठ-नऊ वर्षं चालवलेलं इंजिन घेणार होते, म्हणजे ते आजवर कसं वापरलं गेलं आणि माझ्या हातात पुढे कसं वापरलं जाणार हे कळल्याशिवाय नुसत्या नावावरून काय ठरवायचं?

तसं बघायला गेलं तर टर्बो आणि सिक्स हे एकमेकांच्या विरुद्धही नाहीत. टर्बोचं पेटंट आल्फ्रेड ब्यूशी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्येच घेतलं होतं, आणि १९६२ मध्ये टर्बो लावलेल्या पहिल्या पॅसेंजर गाड्या बाजारात आल्या त्यातली शेव्हरले कॉर्व्हेअर ही चक्क सिक्स सिलिंडर होती. आजही टर्बो-सिक्स भरपूर मिळतात आणि चालवायला फार सुंदर असतात, पण जुन्यात घ्यायचं तर दोन्हीकडचा मेंटेनन्स एकाच बोनेटखाली येतो, म्हणून ते मी आधीच बाजूला ठेवलं.

आता पिकअपचं बघू. हॉर्सपॉवर सारखी म्हणजे गाडी सारखी असं नसतं, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मला सुबारू आउटबॅकमध्ये सापडलं. अमेरिकेत २०१९ पर्यंत तिच्यात ३.६ लिटरचं फ्लॅट-सिक्स (आडव्या सिलिंडरांचं) मिळायचं, २५६ हॉर्सपॉवर, आणि २०२० ला त्याच्या जागी २.४ लिटरचं टर्बो फोर आलं, २६० हॉर्सपॉवर. फरक चारचा, म्हणजे काहीच नाही. पण सिक्सचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ३३५ न्यूटनमीटर आणि तो पूर्ण मिळायला ४४०० आरपीएम लागणार, टर्बोचा ३७६ आणि तो २००० लाच हजर! रोजच्या चालवण्यात आपण २००० च्या आसपासच असतो ना, त्यामुळे टर्बो जास्त जोरदार वाटतो. सरकारी टेस्टमधलं अ‍ॅव्हरेजही लिटरला साधारण ९.४ किमीवरून ११ वर गेलं, अर्थात तेव्हा गाडीचा प्लॅटफॉर्मही बदलला होता त्यामुळे सगळं श्रेय इंजिनाला देता येणार नाही.

पण अ‍ॅव्हरेजच्या बाबतीत एक गोष्ट लोक सांगत नाहीत. टर्बोचा फायदा हलक्या पायाने चालवलं तरच असतो. बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, आला की सिलिंडरमध्ये हवा दाबून भरली जाते, उष्णता वाढते, मग नॉकिंग (पेट्रोल अनियंत्रित पेटून होणारी ठकठक) होऊ नये म्हणून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्पार्क उशिरा देतो आणि लोड फारच असेल तर आत थंडावा राहावा म्हणून जास्तीचं पेट्रोलही टाकतो. म्हणजे सतत चढ, गाडी भरलेली, पाय जड, की छोट्या इंजिनाचं अ‍ॅव्हरेज मोठ्या इंजिनाच्या जवळ येऊन बसतं. उलट बाजूने, उंचावर राहणाऱ्यांनी टर्बोचा विचार जरूर करावा, कारण साध्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्के कमी होत जाते, टर्बो मात्र विरळ हवा दाबून बरीचशी भरपाई करतो.

टेस्ट ड्राइव्हला दोन्ही मनापासून आवडली हे खरं सांगते. टर्बो सिग्नलवरून निघताना अर्धा क्षण थांबतो आणि मग सीटला पाठ चिकटते. सिक्सचं वेगळं, पाय जेवढा दाबाल तेवढंच, त्याच क्षणी, आणि ४००० च्या पुढे गेल्यावर तो जो एकसलग आवाज येतो त्याला तोड नाही. फोरमध्ये क्रँक अर्धा फिरला की एक पॉवर स्ट्रोक, सिक्समध्ये एक तृतीयांश फिरला की पुढचा, त्यामुळे ताकद सलग येते. त्यातही इनलाइन सिक्स (सहाही सिलिंडर एका रांगेत) तर मुळातच इतका बॅलन्स्ड असतो की त्याला बॅलन्स शाफ्ट (थरथर कमी करणारा जास्तीचा शाफ्ट) लागतच नाही. पण मी पाहत होते त्यात व्ही-सिक्सच (तीन-तीन सिलिंडरांच्या दोन रांगा) जास्त होते.

मग जुनं झाल्यावर काय बिघडतं ते बघायला लागले आणि इथेच खरा वेळ गेला. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो, आणि बहुतेक टर्बोत तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल जुनं, घाण किंवा कमी असेल तर पहिला मार तिथे. शिवाय दाबाखालचे होस पाइप, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), वेस्टगेट (बूस्ट मर्यादेत ठेवणारा), हे सगळे जास्तीचे पार्ट आणि ते उष्णतेत शिजलेले. त्यात आजकालचे बहुतेक टर्बो डायरेक्ट इंजेक्शनचे, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोलचा फवारा बसत नाही म्हणून तिथे कार्बनचा थर चढत जातो आणि तो काढायला मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणारा भाग) उघडून अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेने मारावा लागतो. (सिक्समध्येही डायरेक्ट इंजेक्शन असतं हं, त्यामुळे सिक्स म्हणजे आपोआप सुटका नाही, आणि टोयोटाच्या डी-फोर-एस सारख्या सिस्टीममध्ये दोन्ही प्रकारचे इंजेक्टर असतात त्यात हा त्रास फारसा होत नाही. कुठलंही मॉडेल बघताना इंजेक्शन कुठलं हे आधी शोधा.) आणखी एक म्हणजे छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोमध्ये कमी आरपीएमला जोर दिला की वेळेआधीच स्फोट होण्याचा धोका असतो, ज्याला एलएसपीआय म्हणतात, त्यासाठी २०१८ मध्ये एपीआय या अमेरिकन संस्थेचे एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी असे ऑइलचे ग्रेड आले, एसपीमध्ये तर टायमिंग चेन (व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी साखळी) झिजण्याचीही टेस्ट आहे. म्हणजे आधीच्या मालकाने कुठलं ऑइल टाकलं यालाही अर्थ आहे, नुसतं 'ऑइल बदललं' एवढं पुरत नाही.

सिक्सचं दुखणं वेगळं. इंजिन स्वतः निवांत असतं, पण आडव्या बसवलेल्या व्ही-सिक्समध्ये मागची बँक (तीन सिलिंडरांची रांग) फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) टेकलेली, तिथे हात जात नाही. कित्येक मॉडेलमध्ये मागचे तीन स्पार्क प्लग बदलायला वरचा मॅनिफोल्ड काढावा लागतो, आणि म्हणून आधीचे मालक ते काम पुढे ढकलत राहतात. व्हॉल्व्ह कव्हर दोन, कॉइल सहा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही दोन्ही बाजूंना. काहींना चेनऐवजी टायमिंग बेल्ट असतो, होंडाच्या जे सीरिज व्ही-सिक्सला आहे, तो साधारण दीड-पावणेदोन लाख किमीच्या आसपास बदलावाच लागतो, किलोमीटर कमी असले तरी वर्षं झाली की बदलायचा, आणि त्याबरोबर वॉटर पंपही. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरून हिशोब करायचा.

बघायला गेले तेव्हा माझ्या ओळखीचे एक मेकॅनिक सोबत होते. त्यांची पहिली अट, 'इंजिन थंड असलं पाहिजे, आधीच सांगून ठेवा, चालू करून ठेवू नका म्हणावं.' पोचल्या पोचल्या ते बोनेटवर हात ठेवायचे. एका ठिकाणी बोनेट चांगलंच गरम होतं, मालक म्हणाले जरा फिरवून आणली, तर आम्ही चहाबिहा न घेता सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणून निघालो. थंड इंजिन चालू करताना पहिले काही सेकंदच सगळं सांगतात, चेनचा खडखडाट असेल तर तेव्हाच ऐकू येतो, आणि ऑइल जळत असल्याचा निळसर धूरही तेव्हाच दिसतो, नंतर सगळं गुळगुळीत.

आणि तसंच झालं. ती टर्बो होती, दिसायला अगदी नवीकोरी. सकाळी चालू केल्यावर मागून निळा धूर, जास्त नाही पण होता. सर्व्हिस बुकात शिक्के सगळे होते पण प्रत्येक शिक्का १५,००० किमीनंतरचा, मधे काहीच नाही. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला तर एरर कोड एकही नाही, पण रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतःच्या करते त्या तपासण्या) बरेचसे 'अपूर्ण' दाखवत होते. याचा अर्थ कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. हे फार कामाचं आहे, स्कॅनरवर कोड नाही म्हणून खूश होऊ नका, मॉनिटर पूर्ण आहेत का ते बघा. मग त्यांनी इनटेकचा पाइप सैल करून टर्बोचं चाक बोटाने हलवून दाखवलं. थोडा खेळ, म्हणजे सैलपणा, असतोच, ऑइलचा हलका थरही असतो, पण इथे चाक आतल्या भिंतीला घासल्याच्या खुणा होत्या. विषय तिथेच संपला.

दुसरी टर्बो मात्र अशी निघाली की मी जवळजवळ घेतलीच. एकच मालक, बहुतेक रनिंग हायवेचं, दर ८,००० ला ऑइल बदलल्याची बिलं ग्रेडसकट फाइल केलेली, व्हॉल्व्हचा कार्बन साफ केल्याचं बिल, रिमॅप (ईसीयूची सेटिंग बदलणं) नाही, बाहेरचा पार्ट एकही नाही. लांब चालवून पाहिली, बूस्ट मागू तितका येत होता. त्या मालकांना मी मनापासून म्हटलं की गाडी फार छान ठेवलीत. ते म्हणाले, 'रोज लांबचं जाणं होतं म्हणून टिकली हो, तुमचं रोजचं किती होतं?' आणि तिथे मी अडकले. माझं रोजचं जाणं अगदी जवळचं, इंजिन नीट तापायच्या आत पोचते मी. अशा वापरात डायरेक्ट इंजेक्शनचं पेट्रोल थोडं थोडं ऑइलमध्ये उतरत राहतं, ऑइल पुरेसं गरम होत नाही म्हणून ते उडूनही जात नाही, ऑइल पातळ होतं आणि टर्बो तर त्याच ऑइलवर जगणार. गाडी उत्तम होती पण माझ्याकडे येऊन ती उत्तम राहिली नसती, निदान तेवढ्याच खर्चात राहिली नसती. रोज हायवे असणाऱ्या कोणी विचारलं तर मी आजही म्हणेन, अशी फाइल असलेली टर्बो दिसली तर सोडू नका.

शेवटी घेतलं ते व्ही-सिक्स, चेनवालं, साधं पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधीच फवारणारं), एक लाख चाळीस हजार किमी झालेलं. तेही काही निर्दोष नव्हतं. मागच्या व्हॉल्व्ह कव्हरमधून ऑइल पाझरलेलं, आणि प्लग बहुतेक कंपनीचेच. कंप्रेशन टेस्ट (सिलिंडर दाब धरतात का ते बघायची) करायची होती पण त्यासाठी मॅनिफोल्ड उघडावा लागणार, मालक तयार झाले नाहीत आणि त्यांचंही बरोबरच होतं. मग स्कॅनरवर दुसरा रस्ता काढला, दोन्ही बँकचे फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय ते) वेगवेगळे बघितले. लाँग टर्म ट्रिम एका बँकला २ टक्के, दुसऱ्याला ३, म्हणजे हवा कुठून चोरली जात नाहीये आणि दोन्ही बाजू सारख्या चालताहेत. ट्रिम १० च्या वर असता किंवा दोन बँकमध्ये मोठा फरक असता तर मी मागे सरकले असते. सहाही सिलिंडरचे मिसफायर काउंट (पेट्रोल न पेटल्याची मोजणी) शून्य, थंड असतानाही आणि तापल्यावरही. कूलंट स्वच्छ, ऑइल फिलर कॅपखाली चिकट काळं काही नाही. पाझर आणि प्लग यांचा खर्च दाखवून भाव कमी करून घेतला, त्यांनी फार खळखळ केली नाही.

घेतल्यावर लगेच मॅनिफोल्ड एकदाच उघडून सगळं एकत्र करून घेतलं, सहा प्लग, दोन्ही व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट, मॅनिफोल्डचा गॅस्केट आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आतली वाफ परत इनटेककडे नेणारा). सिक्स घेणाऱ्यांना हे आवर्जून सांगेन, मजुरी उघडण्याची असते, पार्टची नाही, त्यामुळे एकदा उघडलं की त्याखालचं सगळं उरकून घ्या. जुने प्लग काढले तेव्हा मागच्या बँकचे पुढच्यांपेक्षा जास्त झिजलेले निघाले, म्हणजे मधे कधीतरी फक्त पुढचे तीनच बदलले होते!

अ‍ॅव्हरेज शहरात वाईट आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही, जवळच्या जवळ थंड असताना फिरवलं तर साडेतीन लिटरचं इंजिन पेट्रोल पिणारच. हायवेला मात्र मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच बरं देते, टॉप गिअरमध्ये १८०० वर शांत चाललेली असते. मी ऑइल दर ७-८ हजारांना बदलते, डिपस्टिक महिन्याला बघते, लेव्हल अजून खाली गेलेली नाही. आता नंबर गिअरबॉक्सच्या ऑइलचा आहे, त्याचं बिल आधीच्या फाइलमध्ये कुठेच नव्हतं.