पावसाळ्यात अडकलेल्या पट्ट्या

जुलैमध्ये आमच्या जुन्या अपराइट पियानोच्या नऊ पट्ट्या अडकल्या. ठाण्याच्या दमट हवेत दरवर्षी एखाद-दुसरी अडकायचीच, पण नऊ म्हणजे वाजवणंच बंद. गेल्या वर्षी दुरुस्तीला आलेल्या माणसाने आत शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. पंधरा दिवस छान गेले, मग तेच सूर आधीपेक्षा जास्त जाम झाले. त्याचा मला अजून राग आहे. यंदा स्वतःच शिकायचं ठरवलं.

वांद्र्याच्या एका वयस्कर ट्यूनर अंकलना फोन केला. त्यांनी आधी एवढंच विचारलं, "पट्टीच खाली राहते, की पट्टी वर येते आणि हातोडी तारेपाशी थांबते?" हातोडी म्हणजे पट्टी दाबली की तारेवर आपटणारा आतला भाग.

पुढची फळी काढून बघितलं. दोन पट्ट्या खालीच बसत होत्या. सात ठिकाणी हातोडी तारेपाशी थांबून अगदी सावकाश मागे येत होती. हातोडी एका लहानशा लाकडी बिजागरीत फिरते. त्यात जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची पिन, आणि पिनेभोवती लोकरी कापडाचं अस्तर. ओल धरली की अस्तर फुगून पिनेला आवळतं. तेल त्या कापडात मुरतं, धूळ धरतं, चिकट होतं. "सिलिकॉनचा स्प्रेही नको," अंकल म्हणाले, "तारा ताणून धरणाऱ्या खुंट्यांवर उडाला तर ट्यूनिंग टिकणार नाही."

पिनांसाठीचं खास वंगण इथल्या दुकानांत मला मिळालं नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, टेफ्लॉनची बारीक पावडर ऑनलाइन मागवली. अल्कोहोलमध्ये थोडं डिस्टिल्ड वॉटर मिसळलं आणि इन्सुलिनच्या सिरिंजने पिनेच्या दोन्ही टोकांना एकेक थेंब सोडला. थेंब कापडात शिरताना दिसतो: कडा गडद होते आणि क्षणात पसरते. अस्तर भिजून पिनेवर दाबलं जातं आणि वाळताना किंचित आक्रसतं. खोलीचा पंखा लावून रात्रभर तसंच ठेवलं.

सकाळी पाच हातोड्या बोट काढताक्षणी मागे आल्या. उरलेल्या दोन तेल प्यायलेल्या. त्यांच्या पिना काढून अस्तर बदलण्याशिवाय इलाज नव्हता. ते काम अंकलनी येऊन केलं, मी टॉर्च धरून शेजारी बसले. खाली बसणाऱ्या पट्ट्यांच्या खालच्या पितळी पिना पॉलिशने घासून, कोरड्या फडक्याने लख्ख पुसल्या. टेफ्लॉन पावडर शेवटी, तीही चिमूटभर: जिथे चामडं लाकडावर घासतं तिथे मऊ ब्रशने.

आता आत ओल धरू नये म्हणून पियानोच्या तळाशी 25 वॅटचा बल्ब लावलाय, फेल्टपासून (लोकरीच्या जाड कापडापासून) चांगला लांब. सप्टेंबरपर्यंत तो रोज संध्याकाळी जळतो. मधल्या सप्तकातला एक काळा सूर अजून थोडा जड आहे, त्याला या रविवारी पुन्हा एक थेंब देणार आहे.