सॅक किती किलोची होती?

चिलकूटची वाट मी २०१७ च्या ऑगस्टमध्ये केली. तेव्हापासून ट्रेकवाली मंडळी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "सॅक किती किलोची होती?" परवा तुम्हीही तोच विचारलात. उत्तर १४ किलो. तंबू, स्लीपिंग बॅग, पाच दिवसांचा शिधा, पावसाचे कपडे. पण त्या वाटेवर वजनाचा प्रश्न एवढ्यावर मिटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वाट ५३ किलोमीटरांची. अलास्कातल्या डायईच्या खाडीपासून निघायचं, १,०७४ मीटरवरची चिलकूट खिंड ओलांडून कॅनडात उतरायचं आणि बेनेट तळ्यापाशी थांबायचं. १६ ऑगस्ट १८९६ ला कॅनडातल्या क्लोंडाइक खोऱ्यातल्या एका ओढ्यात सोनं सापडलं. पुढच्या जुलैत सोनं घेऊन बोटी सॅन फ्रान्सिस्को आणि सिॲटलला लागल्या आणि सुमारे लाखभर माणसं घरं सोडून निघाली. त्यातली हजारो याच खिंडीतून गेली.

खिंडीच्या माथ्यावर कॅनडाच्या पोलिसांची चौकी होती. पलीकडे उपासमार होऊ नये म्हणून वर्षभराचा शिधा सोबत असल्याशिवाय ते कोणाला पुढे सोडत नसत. पीठ, घेवडा, खारवलेलं मांस, त्यावर तंबू, करवती, खिळे, फावडी. सगळं मिळून सुमारे एक अमेरिकी टन, म्हणजे ९०० किलो. आता हिशेब करा. एका वेळी ३० किलो उचललं तरी ३० खेपा. प्रत्येक टप्प्यावर भरल्या पाठीने जायचं, ओझं टाकायचं, रिकाम्या पाठीने मागे यायचं. सगळी वाट अशी केली तर ५३ किलोमीटरांसाठी ३,१०० किलोमीटरांवर पायपीट होते. सपाटीला काहींनी घसरगाड्या ओढल्या, पण खिंडीखालच्या शेवटच्या चढावर पाठीलाच पर्याय नव्हता. हे मला आधी वाचून माहीत होतं. शीप कॅम्प या खिंडीआधीच्या मुक्कामाहून पहाटे निघून त्या चढाखाली पोचले, तेव्हा पायांना कळलं.

त्या जागेचं नाव स्केल्स, म्हणजे तराजू. इथे हमालांची ओझी पुन्हा वजन व्हायची आणि पुढच्या उभ्या चढासाठी दर वाढायचा. ज्यांना तो परवडत नसे त्यांनी टाकलेलं सामान आजही तिथे पडलंय: बुटांचे तळवे, गंजलेले डबे, लोखंडी तारदोर. उचलायला दोन्ही देशांत कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. १८९७-९८ च्या हिवाळ्यात चढावर बर्फात सुमारे १,५०० पायऱ्या खोदल्या होत्या. माणसामागे माणूस, एक सलग रांग. दम खायला बाजूला झालात की पुन्हा आत शिरायला ताटकळायचं. उन्हाळ्यात त्या पायऱ्या नसतात, नुसते धोंडे असतात. हाता-पायांनी चढायचं आणि प्रत्येक दगड आधी हलवून बघायचा.

मला खटकतं ते एवढंच, की ही गोष्ट नेहमी सोनं शोधणाऱ्यांची म्हणून सांगतात. वाट त्यांची नव्हतीच. पिढ्यान्‌पिढ्या इथले मूळचे लिंगिट लोक या खिंडीतून माशाचं तेल आत न्यायचे आणि बदल्यात कातडी आणायचे. गर्दी लोटली तेव्हा त्यांच्या बायका, पुरुष, मुलं, सगळ्यांनी पैसे घेऊन ओझी वाहिली. ज्यांनी ते पहिलं सोनं शोधलं त्यांच्यातला टॅगिश जमातीचा केश, म्हणजे स्कूकम जिम, पूर्वी याच खिंडीत हमाली करायचा. १८८७ मध्ये सरकारी मोजणीदार विल्यम ओगिल्वी यांच्यासाठी त्याने १५६ पौंड मांस खिंडीपार नेलं. ७० किलोंवर! स्कूकम म्हणजे ताकदवान. माझे १४ किलो सांगताना मला दर वेळी तो आठवतो.

३ एप्रिल १८९८ ला खिंडीखालच्या वाटेवर हिमकडा कोसळला आणि साठाहून जास्त माणसं गेली. बर्फाची लक्षणं ओळखणाऱ्या लिंगिट हमालांनी त्या दिवशी वर जायला नकार दिला होता. डायईच्या दफनभूमीत फळीमागून फळीवर तीच तारीख दिसते. मी तिथे निघण्याआधी गेले होते, आणि स्केल्सच्या वर प्रत्येक पांढऱ्या उतारावर नजर जात राहिली.

खिंडीपलीकडे वाट सोपी होते. तळी, विरळ सूचिपर्णी झाडं, शेवटी बेनेटचं लाकडी चर्च. १८९८ च्या मेअखेरीस तळ्यावरचा बर्फ फुटल्यावर तिथून ७,००० वर नावा क्लोंडाइकजवळच्या डॉसन गावाकडे निघाल्या. पोचेपर्यंत चांगले ओढे आधीच वाटले गेले होते.

पण मला रात्री डोळे मिटले की दिसतं ते खिंडीच्या माथ्याजवळचं. घडीच्या कापडी होड्यांचे सांगाडे तिथे थराने रचलेत. कोणीतरी खेपांवर खेपा करून त्या समुद्रापासून वरपर्यंत आणल्या होत्या. पुढे नुसता उतारच होता, आणि खाली पाणी. त्या कधी उलगडल्याच गेल्या नाहीत. शेजारी मी सॅक उतरवून ठेवली आणि बराच वेळ परत उचलली नाही.