घागर नव्हे, ट्रम्पेट

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा शाळेबद्दल लिहायचं ठरवलं होतं. पण पेन बँडच्या सरांपाशीच अडतंय. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

सातवीत सरांनी माझ्या हाती ट्रम्पेट दिलं. 26 जानेवारी चार दिवसांवर आली होती आणि ते दिसत होतं काळपट. मी गुपचूप घरी नेलं. पितळ म्हटल्यावर आमच्याकडे चिंच आणि चुलीतली राख. नाल्यावर बसून असं घासलं, की सोन्यासारखं झळकलं! दुसऱ्या दिवशी सरावाला बोटांनी दाबायचे दोन खटके खाली गेले ते वर येईचनात.

सर ओरडले नाहीत. शाळा सुटल्यावर भांडारखोलीत जुनं धोतर अंथरलं आणि म्हणाले, "अबे, हे काय तुह्या मायची घागर हाय?"

मग त्यांनी ते माझ्याच हातांनी खोलायला लावलं. टोपी फिरवून पिस्टन, म्हणजे खटक्याखालची भोकांची दांडी, सरळ वर ओढायचा. त्यावर बारीक 1 कोरलेला, पुढच्यांवर 2 आणि 3. ज्याचं घर त्याचंच. मी खोडसाळपणे 1 आणि 3 ची अदलाबदल करून फुंकलं. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, आवाज काही निघेना. "भोकंच जुळत नाहीत, हवा जाईन कुठून?" सर पोट धरून हसले. नळी ओढताना तिचा खटका दाबून ठेवायचा, नाही तर 'फट्' होतं. धुवायला पाणी कोमटच, कढत घेतलं तर वरचा मुलामा निघतो. अडकलेल्या माउथपीसला, म्हणजे फुंकायच्या तोंडाला, पक्कड लावायची नाही. व्हॉल्व्हचं तेल आपल्या गावात कुठलं? शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब सोडले. राखेनं धोतर करडं झालं. पिस्टन मात्र दाबला की टुणकन वर येऊ लागला. बाहेरचे चरे गेले नाहीत. त्या चऱ्यांसकटच मी 26 जानेवारीला वाजवलं.

ट्रम्पेटवर मेरठचा शिक्का होता. तिथल्या जाली कोठी भागातून बँडची वाद्यं देशभर जातात, हे पुढे कळलं. आज हिंगणघाटला माझं गॅरेज आहे, ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पंप खोलतो. हाताखाली चार पोरं आहेत. काढलेला प्रत्येक भाग ओळीनं फडक्यावर मांडल्याशिवाय पुढचा नट सोडू देत नाही. सर नसते तर कापसाच्या गाड्या भरत असतो. त्यात वाईट काही नाही म्हणा.

मागच्या 15 ऑगस्टला आलो होतो. बँड नव्हता, डब्यातून गाणं लागलं. मन खट्टू झालं. भांडारखोलीला कुलूप होतं. खिडकीतून माळ्यावर ट्रम्पेटची पेटी दिसली, वर खडूंची खोकी रचलेली.

समारंभाला येतोच आहे, एक दिवस आधी. तेलाची कुपी आणि जुनं धोतर आणतो. किल्ली कोणाकडे असते तेवढं कळवा.